पाइपाच्या तोंडची कणीक

पोलीस ठाणे जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. खंडेनवमी, सन १९४९, दिवेलागणीची वेळ.

नाव सत्यभामाबाई भ्रतार तुळशीराम चनखोरे, वय अंदाजे पन्नास, धंदा घरकाम, राहणार जानेफळ, मेहकर रस्त्यावरील पेट्रोल पंपालगतची खोली.

समक्ष हजर होऊन जबाब देते की, माझा मुलगा नारायणराव याने आज दुपारी माझ्या नावाने फिर्याद दिली, ती मले विचारून दिली नाही. बिजलीचे फिटिंग करणारा बशीर वल्द फकीर मोहम्मद, राहणार मेहकर, याने पूजेत माझा हात धरला, बांगड्या फोडल्या, आरतीचे ताट पालथे केले आणि देवाची कणीक बाटवली, असे तिच्यात लिहिले आहे. जमादारसाहेब म्हणतात, बाई, खरं का खोटं एवढंच सांगा. एवढ्यावर कसं भागन? माणूस कोठडीत बसला. बाहेर लोक जमून राह्यले, कोणाच्या हातात काय आहे ते मी पाहत आली. मी बोलते तसं लिहा, शुद्ध करत बसू नका.

आमची मोटर मेहकर-खामगाव चालते, पंपही आमचाच. हातानं दांडा फिरवायचा जुना पंप काढून नारायणनं बिजलीचा नवा बसवला. करंट शेजारच्या कापसाच्या जिनिंगच्या डायनामोचा. पंपाच्या बुडातून लोखंडी पाइपात तारा घालून त्या जमिनीखालून आमच्या खोलीत आणल्या अन् भिंतीवर खटक्याची पेटी लावली, पाइपाचं तोंड त्या पेटीतच उघडते. पेटीच्या बाजूलेच माझा देव्हारा.

बशीर काही देवमाणूस नाही. तोंडाचा फाटका, पान खाऊन माझ्या ओट्यावर थुंकते, त्यावरून आमची भांडणं झालेली. पण तो पहिल्या दिवसापासून एकच सांगून राह्यला होता, माय, पेट्रोलची हवा दिसत नाही पण पाण्यासारखी खाली उतरते, या पाइपातून सरळ तुह्या खोलीत येईन. पाइपाच्या तोंडात डांबरासारखा काळा मसाला वतून तोंड बंद करतो. तो आळेपर्यंत इथं दिवा लावायचा नाही अन् खटका दाबायचा नाही. नारायण म्हणे, नवमीचा मुहूर्त आहे, पाहुणे बसले, उद्या वत तुहा मसाला. बशीर म्हणे, मुहूर्त पाहून आग लागत नसते बे. दोघंही अडेल, कोण कोणाचं ऐकते?

सकाळी पंपाची टाकी भरली तवापासून खोलीत वास येऊन राह्यला होता. मले वाटलं, नारायणच्या धोतराचा असन. पूजेच्या दिवशी घाण वास नको म्हणून मी पेटीपाशी उदबत्ती लावली. आता आठवलं की आंगावर काटा येते.

खंडेनवमीले हत्याराची पूजा असते हे तुम्हाले काय सांगू. मोटरले हार घातला, पंपाले नारळ फोडला. पेटी राह्यली. मसाला वतायसाठी बशीरनं पेटीचं झाकण काढलं होतं, अन् तो डबा आणायले सायकलीपाशी गेला. मी ताट घेऊन आत गेली. ताटात कणकेचे दिवे, त्यातला एक लावलेला. मी पेटीले ओवाळलं.

पाइपाच्या तोंडात भप्प झालं. निळी जीभ निघाली ती माझ्या पदरापाशीच. बशीर धावत आला, माझं मनगट धरलं अन् मले मागं फेकलं. चौकटीवर हात आपटून बांगड्या पिचकल्या. ताट पडलं. त्यानं दिवा पायानं विझवला, सगळी कणीक मुठीत घेतली अन् पाइपात कोंबली, वरून तळहात दाबून धरला. त्याच्या हाताची कातडी जळाली. तरी त्यानं हात काढला नाही.

बाहेरच्यायले काय दिसलं? मुसलमानानं बाईचा हात धरला. मग कोणी विचारते? मारत मारत इकडे आणला. मी आत भिंतीपाशी पडलेली, पदर जळाला का ते चाचपत होती. मग पाइपाभोवतीचा चुना काळा झालेला पाह्यला अन् उठून इथं आली.

कणीक कुठे आहे असे विचारल्यावरून सांगते की, पाइपातच आहे. जमादारसाहेब म्हणतात, काळजी नको, मुद्देमाल जप्त करायले शिपाई उकंडराव आत्ताच गेला. ताट, फुटक्या बांगड्या अन् कणीक घेऊन येईन.

कंदील घेऊन गेला का? अव माय! जमादारसाहेब, लिहिणं सोडा, माणूस पळवा. कणीक काढली की पुन्हा तेच होईन. त्या खोलीत माझी सून कौशल्या लेकराले पाजून राह्यली. हात धरला का विचारता? हाव, धरला. धरला म्हणून मी जिती आहे. माझी काही फिर्याद नाही. बशीरले सोडा, तो मसाल्याचा डबा त्याच्याच हातानं उघडतो. सोडा ना हो!

येथे जबाब थांबवून बशीर यास कोठडीतून काढले व दुसऱ्या शिपायासोबत सायकलीवर पाठवले. बाई दारात उभी राहिली, बस म्हटले तरी बसली नाही. काही वेळाने कौशल्याबाई लेकरासह ठाण्यात आली. जबाब पुढे चालू.

सून सांगते की, उकंडरावनं कंदील ओट्यावर टेकवून चाकू काढला होता, तेवढ्यात बशीर रस्त्यावरूनच वरडला. आता पाइपात मसाला भरला आहे. आमच्या घरी आज चूल पेटणार नाही. बशीरच्या हाताले लोणी लावायचं आहे, त्याले परत कोठडीत घालू नका. अन् नारायणले आत बोलवा, मले त्याच्याशी सगळ्यायसमोर बोलायचं आहे.

वरचा मजकूर मले मोठ्यानं वाचून दाखवला, मी बोलली तसाच आहे. दुरुस्ती एकच. फिर्यादी म्हणून माझं नाव आहे ते खोडा. 'हात धरला' हे खोडू नका.

लिहिता येत नाही, सबब निशाणी बांगडी. कागदावर बांगडीची खूण काढतेवेळी, बाई, तुमच्या हातात तर एकही नाही, असे जमादार बोलले. बाई म्हणाली, काढा तुम्ही. नवमीले पिचकल्या, दसऱ्याले भरते.