घाटापलीकडचं पाणी

— पाण्याची टाकी पूर्ण? कशाला हो? एका गॅलनला आठ पौंडांच्या वर वजन पडतं, साठ गॅलन भरलंत तर पाचशे पौंड — म्हणजे तीन धष्टपुष्ट पाहुणे ट्रेलरात बसवून घाट चढायचा, आणि उतरायचाही. उतरताना कळतं ते. तिसरा हिस्सा भरा. प्यायला, हात धुवायला, संडासात ओतायला — बास. आम्ही सगळे असंच करायचो, हलकं उतरायचं आणि खाली वाळवंटात आम्ही ट्रेलरवाले मुक्काम टाकतो त्या तळावर पोचलं की नळाला पाइप लावायचा. हो, आहे ना नळ. म्हणजे होता. आता कुलूप आहे. ‘दुरुस्तीसाठी तात्पुरता बंद’ — हा दुसरा हिवाळा. मी गेलो तळाच्या सरकारी ऑफिसात विचारायला, जन्मभर पेपरात बातमीदारी केली, सवय जात नाही — तर ती बाई म्हणते, तिथे कायम राहणारं कुणी नाही, आमच्याकडे तशी नोंद नाही. मग मर्ना काय, निवडुंग आहे?

मर्ना म्हणजे तळावरची माझी शेजारीण. ऐंशीच्या पुढची. ट्रेलर आहे, पण तो ओढायच्या पिकअपचं इंजिन बसलं, तेव्हापासून ती आणि तिचा आंधळा भाऊ तिथेच अडकलेत. त्यांचं पाणी मी नेतो. पिंपं उचलवत नाहीत आता, ट्रेलरला निदान पंप आहे — म्हणून अख्खा ट्रेलर ओढत घाट ओलांडून इथे नळावर येतो आणि माझी टाकी काठोकाठ. हसा. तुम्हाला एक सांगतो नि आपण दुसरं करतो. मागच्या खेपेला उतारावर ब्रेकमधून धूर निघाला. बाजूला घेऊन दगडावर बसलो, चाकं निवेपर्यंत — त्यासाठीच, दुसरं काही नाही. मुलगी म्हणते, टूसॉनला ये, खोली रिकामी आहे. जाईन की. पाणी नेणारं दुसरं कुणी मिळालं की जाईन.

तुमची गाडी दमदार दिसते. तळावरच चाललात ना? सहज विचारलं. मर्नाच्या दारावर सायकलचं चाक टांगलंय, लगेच सापडतं — तेही सहजच सांगतोय. काय? न्याल? पूर्ण भरून?

थांबा. जरा वाकून बघू द्या — टाकी कुठे बसवलीय तुमची… मागे. चाकांच्याही मागे. बनवणाऱ्याला एकदा हा घाट उतरायला लावला पाहिजे. अहो, मागे वजन पडलं की पुढचा, गाडीला अडकवलेला जोड हलका होतो, मग उतारावर ट्रेलर डावी-उजवीकडे झोकांड्या खायला लागतो, आणि एकदा लागला की गाडी दमदार असून काही उपयोग नाही. अशा अपघातांच्या बातम्या मी लिहिल्यात. पुढे झोपलीय ती बायको ना तुमची?

मग बंद करा नळ. नाही, वाद नको, झालं तेवढं पुरे. पाइप इकडे द्या, माझी भरायचीय अजून. निघा तुम्ही.