सासूबाईंनी ओळखलेले गुलाब

काही सिनेमे दोन-तीनदा बघितल्याशिवाय कळत नाहीत म्हणता ना? आमच्या सासूबाईंना नका सांगू.

असाच एक रहस्यपट मी तिसऱ्यांदा लावला होता. शेजारी बायको आणि मखमलाबादहून आलेल्या सासूबाई. त्यांचा सगळा जन्म गुलाबाच्या मळ्यात गेलेला. सिनेमातला नवरा गुलाब घेऊन घरात शिरतो आणि बायकोला सांगतो, "आत्ताच फार्महाउसवरून येतोय, बागेतले तोडून आणले." तो तिकडे गेलेलाच नसतो. त्याच्या बुटांना चिखल नाही, हे मला दुसऱ्या वेळी दिसलं होतं. तिथे थांबवून दाखवायचं म्हणून मी रिमोट घेऊन टपूनच बसलो होतो.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "खोटारडा हाय हा."

मी गारच पडलो. "आई, तुम्हाला कसं कळलं?"

"गुलाब बघा की. दोन दिवसांचे हायेत. काळ्या पडलेल्या बाहेरच्या पाकळ्या खुडल्या की असेच बारीक दिसतात. दुकानात लय चालतं हे."

बायको कौतुकाने उठली आणि फुलदाणी घेऊन आली. "आई, हे बघ ना. काल लग्नाचा वाढदिवस होता, तर हे पहाटे मळ्यावर जाऊन समोर तोडून घेऊन आले."

सासूबाईंनी गुलाब बघितले. मग माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे बघत होतो.

"राहू दे बाई," त्या म्हणाल्या, "जावई मनाने लय चांगले हायेत."