पोर्चवरची पात

स्नोड्रॉप विकण्यात कसलं आलंय टेन्शन, असं वाटतंय ना? ऐका मग. या इवल्या पांढऱ्या फुलांचा बहर ओसरला की पातीसकट कंद उपटायचे, झुपके मोकळे करायचे आणि सुकायच्या आत विकायचे. मी जुड्या बांधून, ओल्या पेपरात गुंडाळून गिऱ्हाइकांसाठी पोर्चवर ठेवल्या. बाजूलाच शेजारच्या शुभाकाकूंसाठी पुरणपोळ्यांचा डबा. मी ऑफिसात, आणि काकूंचा मेसेज आला, "डबा मिळाला. लसणाची पातही ठेवलीस, गुणाची गं! झुणक्यात घालते."

लसूण कुठली, ती माझी स्नोड्रॉपची जुडी, आणि ते कंद विषारी असतात यार! फोन लावते, तर काकू उचलतच नाहीत. मीटिंग सोडून गाडी काढली, तर नेमका प्रत्येक सिग्नल लाल. काकूंनी दार उघडलं, तर घरभर फोडणीचा वास.

"काकू, झुणका खाल्लात?"

"हो, पण तुझी पात नाही घातली. चुरडून बघितली, तर वासच नाही मेलीला! समोरच्या लिंडाला देऊन टाकली."

मी तशीच समोर धावले, काकू माझ्या मागे. बेल दाबणार, तेवढ्यात खिडकीत माझी जुडी दिसली. काचेच्या ग्लासात, पाण्यात उभी, एक उशिरा उमललेलं फूल मिरवत. मी पायरीवरच बसले. माझ्या तोंडून 'विषारी' हा शब्द फुटायच्या आत काकूंनी नाक मुरडलं.

"बघ! खायची वस्तू शोभेला ठेवली. या लोकांना काही द्यायची सोय नाही."