क्वेक आंटी आणि सात नंबरच्या पेशी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या प्रयोगशाळेचे संचालक डॉ. इळंगोवन, व्यासपीठावरील रुग्णालयाची मान्यवर मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या क्वेक बी चू आंटी, आणि मागे करी पफच्या टेबलाला चिकटून उभे असलेले माझे तरुण सहकारी, सर्वांना माझा, जोहारीचा, नम्र सलाम.

मला बोलायला सांगितलं ते बहुधा नोकरीची तेवीस वर्षं बघून. एरवी मी मुआरजवळच्या खेड्यातल्या शाळेत शिकलेला माणूस. आमच्याकडे भाषण म्हणजे गुरुजींनी बोलायचं आणि आम्ही डास मारायचे.

आंटींचं काम काय होतं, हे काही पाहुण्यांना ठाऊक नसेल. मुलासाठी उपचार घेणाऱ्या एका जोडप्याने आपला उरलेला भ्रूण आम्हाला दिला. पाच दिवसांचा, सुईच्या टोकावर मावेल एवढा. त्यातून वाढवल्या त्या आमच्या सात नंबरच्या मूळपेशी. पुढे हाड व्हायचं, कातडी व्हायचं की मज्जातंतू, हे अशा पेशींचं अजून ठरलेलं नसतं. ते तसंच अधांतरी ठेवायचं तर रोज बशीतला जुना द्रव काढून नवा गुलाबी द्रव घालावा लागतो. ज्या आपल्या मनाने काहीतरी व्हायला लागल्या असतील, त्या सूक्ष्मदर्शकाखाली बारीक नळीने खरवडून फेकाव्या लागतात. रोज म्हणजे रोज. म्हणून आम्ही सण वाटून घेतले होते. हरी रायाला, म्हणजे आमच्या ईदला, आंटी पेशींना खाऊ घालायच्या, चिनी नववर्षाला मी.

भ्रूणापासूनचं हे काम धर्मात बसतं का, अशी सुरुवातीला माझ्या मनात शंका होती. गावी जाऊन मशिदीतल्या उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, "घेताना कुणाला फसवलं नाहीत ना? मग रोज देताना अल्लाहचं नाव घे." तेव्हापासून झाकण उघडण्याआधी मी बिस्मिल्ला म्हणतो. आंटी शेजारून म्हणायच्या, "झालं का तुझं? पेशी गार पडतायत!"

पण बिघडलेल्या पेशी फेकायला माझं मन धजत नसे. दुसऱ्या वर्षी नववर्षाच्या सुट्टीत मी एकटा होतो. एक बशी पार बिघडली होती. ती मी ऊबपेटीत मागे सरकवली आणि गुपचूप खाऊ घालत राहिलो. तीन आठवड्यांनी आंटींना ती सापडली. मला त्या ‘जो’ म्हणतात.

"जो, हे काय? लोणचं घातलंयस?"

मग त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. भिंगाला डोळा लावूनच म्हणाल्या, "हलतंय रे."

तिळाएवढा ठिपका. आकसायचा, थांबायचा, पुन्हा आकसायचा. हृदयाचे स्नायू तयार झाले होते.

त्यांचे यजमान टिओंग गुआन, आमचे अंकल, टॅक्सी चालवत. झटका येऊन त्यांच्या हृदयाचा तिसरा हिस्सा निकामी झाला होता, आणि मेलेला हृदयाचा स्नायू पुन्हा उगवत नाही. अशा पेशींपासून तो बनवता येईल असं वर्तमानपत्रात वाचलं म्हणून आंटी शाळेच्या कँटीनमधली नूडल्सची गाडी सोडून इथे बाटल्या धुवायला लागल्या होत्या. त्या रविवारी त्यांनी नियम मोडून यजमानांना आत आणलं. डॉक्टर, तुम्ही तेव्हा तरुण होतात, तुम्हीही काणाडोळा केलात.

अंकल बराच वेळ बघत राहिले. "इंडिकेटर चालू ठेवून गेलंय कुणीतरी," म्हणाले. मग विचारलं, "हे कुणाचं?"

"अजून कुणाचंच नाही," आंटी म्हणाल्या.

डॉक्टर, तुम्हीच म्हणालात, पाचेक वर्षांत माणसात बसवता येईल. आंटींचा चेहरा त्या दिवशी जसा उजळला तसा मी पुन्हा पाहिला नाही.

अंकलना लिफ्टपर्यंत सोडायला मी गेलो. दार बंद होताना त्यांनी पाय घातला. "खरं सांग जो, पाच वर्षांत होईल?"

मी म्हणालो, "नाही, अंकल."

"तिला बोलू नकोस. त्या पाच वर्षांच्या जिवावर सकाळी उठते ती."

तीन वर्षांनी अंकल गेले. त्यांच्या इमारतीखाली अंत्यविधीचा मंडप होता, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आंटी दंडावर सुतकाचं कापड लावून प्रयोगशाळेत हजर. मी म्हणालो, मी बघतो सगळं. म्हणाल्या, "तुझा हात जड आहे. सरक."

आज सात नंबरपासून बनवलेले स्नायू डुकराच्या हृदयावर धडधडतात. माणसापर्यंत अजून पोचलेले नाहीत.

आंटी, हरी रायाला आम्ही सगळ्यांची माफी मागतो, कळत नकळत जे घडलं त्याची. दरवर्षी तुमच्यापुढेही हात जोडले, पण कशाबद्दल ते कधी सांगितलं नाही. मोघम माफी मागणं सोपं असतं. आज नाव घेऊन मागतो. मला माहीत होतं, आणि मी तुम्हाला आशेवर राहू दिलं.

काय म्हणालात, आंटी?

मागे ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. आंटी म्हणताहेत, "त्या रविवारी नवरा घरी आला तेव्हाच तोंडावरून कळलं मला. खोटं बोलायला त्याला कधी जमलं नाही."

मग इतकी वर्षं कशाला आलात, आंटी?

म्हणताहेत, "माझ्या नवऱ्याला नाही, तर दुसऱ्या कुणाच्या तरी नवऱ्याला लागेल की. उपाशी ठेवू?"

आणि... हो, हो. म्हणताहेत, "माफी अशी माईकवर मागतात होय? घरी ये. बायकोच्या हातचं मटणाचं रेंडांग घेऊन ये."

येतो, आंटी.

अध्यक्ष महाराज, संयोजक आणि आपण सगळे, इतका वेळ ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर आपण मात्र इथल्या इथेच माफ करावं. एवढ्या सगळ्यांना पुरेल इतकं रेंडांग माझ्या बायकोच्याने होणार नाही.