खालच्या क्लिपजवळची चीर

— आवाज खाली घ्या, नागेशराव. जावई हाय म्हणून तुमाला आजवर पाव्हणं सोडून दुसरी हाक मारली न्हाय, पण हे गॅरेज हाय, हितं मोठा आवाज इंजिनानं करायचा. माझा पाईप डुप्लिकेट, माझं काम कच्चं — ऐकलं मी. जंक्शन गावाच्या म्होरं गाडी वढंना, मागं काळा धूर, आन् उसाची जुगाडगाडी तुमाला मागं टाकून गेली. लाज वाटली असंल. वाटायचीच. चारी चाकांनी वढणारी गाडी घेतलीत तुमी, भवानीनगर ते लोणी देवकर सगळा डांबरी रस्ता — आसू द्या. बसा त्या टायरवर. खुर्ची न्हाय हितं. स्वरालीला जाऊ द्या घरात, तिची आई सारजा हाय आत. तुमी हितंच बसा.

टर्बो गेला म्हणून कुणी सांगितलं? कंपनीतल्या दोस्तानं, फोनवर. बरं. दोस्ताला म्हणावं, टर्बो गेला की तेल जळतं, धूर निळा येतो. ह्यो काळा हाय. काळा म्हंजी डिझेल पोचतंय, हवा पोचत न्हाय. तरी बघू, तुमच्या मनाचं समाधान. हा शाफ्ट — घाला बोट, हलवून बघा, हात काळा झाल्यानं माणूस मरत न्हाय. हाय का काय खेळ त्यात? केसाएवढा. तेवढा असतोच. मग टर्बो ठीक. टर्बो हवा दाबतो, दाबली की ती तापती, समोरच्या इंटरकुलरच्या जाळीत निवती, आन् ह्या जाड रबरी पाईपातनं इंजिनात जाती. पाईप कुठं चिरला तर उभ्या गाडीत कळत न्हाय, चीर मिटून बसती. रस्त्याला लागलं, पाय दाबला, हवेचा जोर आला की मग ती तोंड उघडती. म्हणून तर तुमी हितनं ऐटीत निघता आन् जंक्शनला रडता.

थांबा, घाई करू नका. मी हळूच काम करतो, चाळीस वर्सं हळूच केलंय. पाईपाची दोन्ही तोंडं बंद केली, आता थोडी हवा सोडायची — थोडीच, लई सोडली तर चांगला पाईप बी फुटंल. आन् वरनं साबणाचं पाणी. बुडबुडं बघा. वरच्या क्लिपला? न्हाय. मधल्या वळणावर? न्हाय. खाली —

काय न्हाय. दिसलं मला. नवा पाईप हाय माझ्याकडं, घालतो. अर्ध्या तासाचं काम.

पुन्ना तेच. कच्चं काम, कच्चं काम. अहो, पंचमीला बदलला त्यो पाईप दिवाळीपतूर तीन म्हयनं चालला का न्हाय? तुमी कोल्हापूरला जाऊन आलात, आंबेनळीचा घाट चढलात, मला फोटो दाखवलं. दिवाळीला बदलला त्यो आज जत्रेपतूर चालला, पाच म्हयनं. एकदा तरी अडली गाडी? एकदा न्हाय. माझ्या हातचा पाईप असा फाटत न्हाय. ती अडती ती फकस्त हितनं निघताना, माहेरातनं तिला घेऊन निघताना, तिन्ही डाव — मग खोट माझ्या कामात कशी?

...

न्हाय, मला काय म्हणायचं न्हवतं. जीभ गेली पुढं. कामाला नाव ठेवलं की माझं असं व्हतं.

व्हय, दिवाळीला मी उंदीर म्हणालो व्हतो. उसाचा मुलूख, उंदीर लई, तुमाला पटलं. पण आता तुमी उठून बघितलीच हाय चीर, तर उंदीर कसा म्हणू. उंदीर कुरतडतो, कडा राहतात. ही सरळ हाय, चार बोटं, खालच्या अंगाला, उभ्या गाडीला काय होऊ नये अशी. ज्यानं कापला त्याला पाईप ठाऊक हाय. आन् तुमच्या भावकीवर घेऊ नका, गावात कुणाचं वैर शोधू नका. तुमी आलात की मी बॉनेट उघडून ठेवतो, इंजिन निवलं की तेल बघतो — जावयाच्या गाडीचं तेवढं करतोच माणूस. मग आपण जेवाय बसतो. आजबी बसलो. माझा हात त्या खालच्या क्लिपपाशी जात न्हाय, हवेच्या फिल्टरचा डबा काढावा लागतो. तुमचा बी जायचा न्हाय. स्वराली आठ वर्सांची असताना मी तिला स्टुलावर उभी करायचो, ती हात घालायची आन् डोळं मिटून म्हणायची, घावली आबा. अजून जातो तिचा हात.

बसा. घराकडं बघू नका. हिकडं बघा. तिला काय इचारायचं न्हाय तुमी. नुकसान झालं म्हणत असाल तर सुरी माझी, गॅरेज माझं, मी कापला म्हणून सांगा घरी, मी न्हाय म्हणणार न्हाय.

आन् खोटं बी न्हाय त्यात लई. पंचमीला मला खरंच कळलं न्हवतं, वाटलं जुना पाईप, गेला असंल. पण दिवाळीला उजेडाला बॅटरी तिनंच धरली व्हती, तितं, तुमी आता हायत तितं उभी राहून. मी चीर बघितली. मग तिच्याकडं बघितलं. तिनं बॅटरी तशीच धरून ठेवली. पाईप बदलला, क्लिप आवळली, तुमाला उंदीर सांगितला आन् दिवस मावळायच्या आत पोरगी धाडून दिली. गाडी चांगली झाली ना, मग धाडायचीच. दुसरं काय करायचं ते मला सुचलं न्हाय.

सारजानं सांगितलं व्हतं मला. शिफ्टला जाताना तुमी बाहेरनं कुलूप घालता म्हणून. चोऱ्या होत्यात? चोरांसाठी कुलूप असतं तर किल्ली आतल्या माणसापाशी देतात, नागेशराव. मी सारजालाच गप केलं. म्हणालो, नवं इंजिन आधी जरा आवळून चालतं, मग मोकळं व्हतं. पोरीबद्दल असं म्हणालो मी. आन् तिचा फोन आला की तुमचा खोकला ऐकू यायचा मागं. ती, बरी हाय आबा. तुमी खोकायचा. ती, सगळं बरं हाय. रस्त्यावरनं जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकून मी क्लिप कुठली ढिली ते सांगतो, लोक बारामतीहून येतात त्यासाठी. आन् फोन ठेवून मी चहा प्यायचो.

नातं, मान, लोक काय म्हणतील — म्हणा, म्हणा, सगळं म्हणून घ्या, माझे हात चालूच हायत. लोकांचं मी बघतो. लोकांच्या गाड्या माझ्याकडंच येतात.

झालं. बसला पाईप. चावी मारा. पाय दाबा — आणखी — सोडा. शिट्टी न्हाय, धूर न्हाय. लोणी देवकरापतूर कुठं थांबावं लागणार न्हाय. पैसं नकोत. थांबा, मागच्या शिटावरची तिची पिशवी तेवढी घेतो. आन् ह्या चपला. ह्यो डबा तुमचा, सारजानं पुरणपोळ्या दिल्यात, राहू द्या, खावा.

आता कशाला हॉर्न वाजवताय? गाडी ठीक हाय. निघा.