कोपऱ्यापर्यंत

वर्तमानपत्राच्या कचेरीत निधनाच्या जाहिराती घेणाऱ्या खिडकीपुढे ती आईच्या निधनाचा मजकूर घेऊन उभी होती. 'आजाराला खंबीरपणे तोंड दिले' हे वाक्य तिने भिंतीवर लावलेल्या नमुन्यातूनच उतरवून घेतलं होतं. तिच्या पुढे एक म्हाताऱ्या बाई आणि त्यांचे दीर हुज्जत घालत होते.

"वहिनी, बातमीत काय छान छापलंय, 'संपात शेवटपर्यंत ठाम राहिले.' तेच इथे घालू."

"हा कोण माणूस, भाऊजी? आमच्या घरात तर नव्हता."

"अहो, आपला दादाच!"

"हे संपाला निघाले की तीनदा उंबऱ्यातून परत यायचे. रुमाल राहिला म्हणायचे. रुमाल खिशातच."

"मग?"

"मी म्हणायचे, जा आता, माणसं खोळंबलीत. मग जायचे."

"म्हणजे ठामच की!"

"कोपऱ्यापर्यंत मागे वळून बघत जायचे हो. कालसुद्धा मी त्यांच्या निघायच्या वेळेला दारात जाऊन उभी राहिले."

दीरांनी बातमीचं कात्रण घडी करून खिशात ठेवलं.

"मग काय लिहू, आजी?" कारकुनाने विचारलं.

"नुसतं नाव लिहा. तेवढ्यावर मी ओळखेन त्यांना."

दोघं बाजूला झाले.

"हं, पुढचे?"

तिने कागद आत सरकवला आणि पुन्हा बाहेर ओढला.

"काही चुकलं का, ताई?"

"आई शेवटपर्यंत माझी बोटं सोडत नव्हती. दुसरा कागद देता का?"