जळका डॅम्पर कोणाचा

(ऑस्ट्रेलियातल्या अॅलिस स्प्रिंग्जमधल्या एका घराचा व्हरांडा. शांटेल आणि तिची मावशी नोरीन, दोघी तिथल्या आदिवासी. मध्ये फोन, स्पीकर चालू. पलीकडे सर्व्हर कंपनीतला केल्विन.)

शांटेल : तेच तर सांगतेय ना मगापासून! ब्लॉग माझा, लेख माझे, फोटो मी काढलेला. त्या सहलीवाल्याने सगळं उचलून स्वतःच्या साइटवर टाकलंय, आणि ती साइट तुमच्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे. म्हणून तुम्हाला फोन.

केल्विन : कळलं, शांटेल. रागवू नका. अशा तक्रारी आमच्याकडे रोज येतात. तुमच्या मूळ पानाची लिंक द्या, दोन्ही पानं शेजारी ठेवतो. नक्कल दिसली की उतरवतो. साधं काम आहे.

शांटेल : मूळ पान नाहीये.

केल्विन : नाहीये म्हणजे?

शांटेल : मी काढून टाकलं. मामा गेला त्याच दुपारी.

केल्विन : अहो... म्हणजे तुमचं पान बंद आणि त्याचं चालू? मग आमच्या लेखी तर... कसं सांगू...

मावशी : सांग ना. आमच्या लेखी चोर तुम्हीच, असं ना? घाबरतोस कशाला, पोरा? इथून काय दगड मारणार आहे मी तुला?

केल्विन : कोण बोलतंय?

शांटेल : नोरीन मावशी. गेला तो तिचा भाऊ.

केल्विन : अरेरे. वाईट वाटलं ऐकून, नोरीन. म्हणजे त्याच्या साइटवरच्या फोटोत घोड्याचा लगाम धरून हसतायत, ते तुमचे भाऊ? खाली नाव दिलंय, मिस्टर...

शांटेल : थांबा! नाव नका घेऊ!

केल्विन : माफ करा. मी काही चुकीचं...

मावशी : तू नाही रे चुकलास. तुला काय माहीत? आमच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत. फोटो झाकून ठेवतात. निघालेल्या माणसाला मागून हाक मारली की तो वळतो. मग त्याचा पाय निघत नाही. इथेच घुटमळत बसतो बिचारा.

केल्विन : मग मी त्यांना काय म्हणू?

मावशी : कुमंजाई म्हण. ज्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला सगळे तेच म्हणतात. त्याच्या नातवाला त्याचंच नाव आहे ना, त्यालाही आता कुमंजाईच म्हणतो आम्ही. शाळेतल्या बाईंना सांगता सांगता नाकी नऊ आले.

केल्विन : बरं. कुमंजाई. आणि तुम्ही पान काढलंत ते यासाठी.

शांटेल : हो. माझं काढलं, पण दुसरीकडे कुठे आहे का ते बघितलंच नाही. हा चोर आहे हे मला माहीतच नव्हतं. काल संध्याकाळी पोरांच्या फोनवर ते पान फिरत आलं. मामी तिथेच बसली होती. त्याचा हसरा चेहरा आणि वर ठळक अक्षरांत नाव. ती उठली, अंगणात गेली आणि मातीत पडून राहिली. उद्यापासून सगळीकडून माणसं यायला लागतील. शुक्रवारी माती आहे. प्रत्येकाच्या हातात फोन. साहेब, माझ्यामुळे होतंय हे. तो फोटो मीच तर लावला होता.

मावशी : त्याला विचारून लावला होतास. छाती फुगवून बसला होता तो. उगाच स्वतःला बोल लावू नकोस.

केल्विन : शांटेल, एक सुचवू का? तुमचं पान फक्त तासाभरासाठी परत चालू करा. मी लगेच तपासतो, दोन्ही एकदम उतरतील. कोणाला कळणारही नाही.

शांटेल : तासाभर?

केल्विन : कमी सुद्धा. दहा मिनिटं पुरे.

शांटेल : मावशी, दहा मिनिटं. मी डोळे मिटून बटण दाबते. तू आत जा हवं तर.

मावशी : नाही.

शांटेल : अगं, नाहीतर ते पान शुक्रवारीसुद्धा तसंच राहील! मग काय करायचं? मामीच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची?

मावशी : त्या चोराने हाक मारली, ती परक्याची हाक. तू मारलीस तर ती घरची. घरच्या हाकेला तो नक्की वळणार. लहानपणी तू हाक मारलीस की घोडा सोडून धावत यायचा, आठवतंय ना?

शांटेल : आठवतंय.

मावशी : मग? दहा मिनिटंही नाही.

केल्विन : मला समजतंय, पण माझे हात बांधलेले आहेत. मूळ पान दिसलं नाही तर साहेब मला एक अक्षर खोडू देत नाहीत.

मावशी : ए शांटेल, पण तो मेला चोर नक्की लिहितो काय? मला वाचता येत नाही असं नाही, पण त्याचं काही बघायचंच नाही मला.

शांटेल : सगळं माझंच. जिथे जिथे 'माझा मामा' लिहिलं होतं तिथे 'माझा जुना मित्र' केलंय. एवढेच कष्ट घेतलेत. त्यातही एके ठिकाणी विसरलाय. 'मामाने मला कोरड्या नदीत पाणी कुठे खणायचं ते दाखवलं', ते तसंच राहिलंय.

मावशी : मामा म्हणतो? अगं बाई, मग भाचाच झाला की तो! शुक्रवारी ये म्हणावं. भाच्याची कामं काय थोडी असतात? फावडं देते हातात. उन्हात खड्डा खणून दाखव म्हणावं, मग सांग जगाला नातं.

केल्विन : ते 'मामा' राहिलंय हे खरं तर कामाचं आहे. पण तेवढ्याने भागायचं नाही. बरं, मला सांगा, याने तुमचं अजून काही उचललंय का? यात कुमंजाई नसतील आणि तुमच्याकडे अजून चालू असेल, असं काही?

शांटेल : उचलायचं काही सोडलंच नाही त्याने. पण मामा नाही असा लेख... तो तर सगळ्यांत असायचा. थांबा. डॅम्परचा आहे!

मावशी : नाही.

शांटेल : मावशी, त्यात मामा नाहीये. नावही नाही. राखेत भाजलेला डॅम्परचा पाव, वरून पार कोळसा, आणि काठीने तो उकरणारा एक हात. बस.

मावशी : तो फोटो काढून टाक म्हणून दोन वर्षं तुझ्या मागे लागलेय मी. दोन वर्षं! आणि तू आता तो सरकारदरबारी दाखवणार?

केल्विन : आम्ही सरकार नाही, नोरीन.

मावशी : तू गप रे.

केल्विन : मला सापडला. त्याच्या साइटवरही आहे. खाली लिहिलंय, 'मी स्वतः भाजलेला वाळवंटी पाव, जरासा करपला.'

मावशी : काय? स्वतः? कोळसा मी केला आणि नाव त्याचं?

शांटेल : 'मी केला'? मावशी, आत्ता काय म्हणालीस? आजवर तर सांगत होतीस, मामाने जाळला म्हणून!

मावशी : मग? तो कुठे नाही म्हणाला?

शांटेल : नाहीच म्हणाला. सगळे इतके हसायचे त्याला. चेहरा पाडून म्हणायचा, आपल्याला नाही बाई जमत स्वयंपाक.

मावशी : मी मोठी ना त्याच्याहून. सगळ्यांना डॅम्पर करायला मीच शिकवलं. माझा जळला म्हणून कसं सांगणार? त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, माझा आहे. झालं.

केल्विन : नोरीन, तुमचं मन दुखवायचं नाही मला. पण लेख शांटेलचा असला तरी फोटोत हात दिसतोय. साहेब विचारतीलच. हा हात कोणाचा, आणि डॅम्पर कोणी भाजला? ज्याचा त्यानेच सांगायला लागतं. हे बोलणं नोंदवलं जातंय.

शांटेल : मावशी?

मावशी : ऐकतेय.

शांटेल : माती झाली की सगळ्यांसमोर हा विषय निघणार, माहितीये ना? आयुष्यभर चिडवतील तुला.

मावशी : चिडवू देत. त्याने नाही का सोसलं? हं, लिही रे पोरा. हात माझा, अंगठीवरून ओळख. डॅम्पर मी जाळला. विस्तवावर ठेवून शेजारणीशी भांडत बसले आणि पार कोळसा झाला. भावाचा त्यात काही दोष नाही. हेही लिही.

केल्विन : ते लिहायची गरज नाही, पण...

मावशी : लिही.

केल्विन : लिहिलं. आता साहेबांशी बोलून येतो. फोन ठेवू नका.

शांटेल : चहा टाकू?

मावशी : नको. बस इथेच.

शांटेल : माझ्यावर चिडलीस?

मावशी : नाही गं. आठवण येतेय त्याची. नाव घेता येत नाही ना, मग तोंडात दुसरं काही येतच नाही.

शांटेल : मलाही.

केल्विन : आहात ना? झालं काम. एक चोरी सिद्ध झाली की आमच्याकडे अख्खी साइट बंद करता येते. साहेबांनी बंद केली. पुढे तो भांडेल, पण ते आमचं आम्ही बघू. शुक्रवारी काही दिसणार नाही.

शांटेल : देव तुमचं भलं करो.

केल्विन : एक विचारू? तुमचं पान मग कायमचं गेलं?

मावशी : नाही रे. वर्ष जाईल, दोन जातील. वेळ झाली की मी सांगेन हिला. मग फोटो पुन्हा लाव, नाव मोठ्ठं लिही, सगळं. तेव्हा त्याची गोष्ट सांगता येईल. आत्ता तो वाटेत आहे.

केल्विन : बरं. तुम्ही एकदा ते पान उघडून खात्री करून घ्या.

शांटेल : आम्ही कसं उघडणार? चुकून राहिलं असेल तर?

मावशी : तू बघ, पोरा. तू परका आहेस, तुला चालतं.

केल्विन : बघतो. थांबा... हं. नुसतं पांढरं पान.

मावशी : तो हसत नाहीये ना कुठे?

केल्विन : नाही. कुमंजाई कुठेच नाहीत.

मावशी : बरं. मग निघाला तो.